आखाजीचा मुऱ्हाळी

आमच्याकडे दिवाळी येते आणि जाते, पण आखाजी मुक्कामाला येते. बाकीचे लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आम्ही खान्देशी माणसं त्या दिवसांत दोनच गोष्टी मनापासून करतो. पुरुष निंबाखाली पत्ते कुटतात आणि सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात. लेकी आपल्या आपण येत नाहीत. त्यांना आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. तो बहुतेक करून भाऊच असतो. मुऱ्हाळी दारात उभा राहिल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. एसटी दारावरून जात असो, नवरा गाडीवर सोडायला तयार असो, ती आपली बसून राहते.

मला एकच बहीण, माझ्याहून मोठी, तळोद्याकडे दिलेली. आणि लागोपाठ दोन आखाजी ती आली नव्हती. पहिल्या वर्षी माझा चुलतभाऊ आणायला निघणार तोच तिचा फोन आला की पोरगी तापली आहे. दुसऱ्या वर्षी तो मुऱ्हाळी म्हणून गेला आणि हात हलवत परत आला. "घरमा काम शे म्हने," एवढंच सांगून तो पत्त्यांत जाऊन बसला. आईनं तिच्यासाठी केलेल्या सांजोऱ्या शेजारपाजारी वाटून टाकल्या.

ती का येत नाही यावर घरात कोणी तोंड उघडलं नाही. मला उघडायची गरजही नव्हती, कारण मला माहीत होतं. ती माझ्यामुळे येत नव्हती. नेमकं सांगायचं तर माझ्या दाढीमुळे.

दाढीचं सांगतो. मी जन्मलो तेव्हा मुलगी झाली असं सगळ्यांना वाटलं. त्यात कोणाची चूक नाही, जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. मला मात्र कळायला लागल्यापासून वेगळं वाटत होतं. वेणी घातली की कोणा दुसऱ्याचं डोकं आपल्या धडावर बसवलं आहे असं व्हायचं. वयात आलो तेव्हा तर आंघोळ अंधारात करायचो, खांदे पुढे ओढून चालायचो आणि फोटो म्हटलं की कुठेतरी काम काढायचो. या सगळ्याला एक नाव आहे, हे मला आयटीआयला असताना मोबाइलवर कळलं. जेंडर डिस्फोरिया. मराठीत लिंगभावाची अस्वस्थता. नाव कळल्यावर मला एवढं हायसं वाटलं की मी त्या आनंदात कटिंगच्या दुकानात जाऊन केस कापून आलो. आईनं बघितलं आणि म्हणाली, "मांगली बाजू वाकडी काटेल शे." बाकी काही नाही.

वडील मात्र बोलायचे थांबले. तसे ते आधीही फारसे बोलत नव्हते, त्यामुळे थांबलेत हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. मग सुरतेला जाऊन डॉक्टरांची इंजेक्शनं सुरू झाली, आवाज फुटला, गालावर लव आली, लवेची दाढी झाली. वडिलांना मला हाक काय मारावी ते सुचेना. एक दिवस त्यांनी वाट काढली आणि "ओ मिस्तरी" म्हणायला लागले.

मिस्तरी मी खरोखरच आहे. म्हसावदच्या रस्त्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमचा भाग केळीचा आणि पपईचा, म्हणजे पाण्याचा, म्हणजे मोटारींचा. उन्हाळ्यात लाइट कमीजास्त झाली की मोटारी जळतात आणि लोक बैलगाडीत, रिक्षात, खांद्यावर, मिळेल तसं त्या घेऊन येतात. गावानं माझ्या दाढीवर एक हिवाळाभर चर्चा केली. पारावरच्या टवाळ पोरांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. एका मामांनी लग्नपत्रिका आमच्या घराला टाळून पुढच्या घरात दिली, ते मला चांगलंच लागलं. पण उन्हाळा आला आणि मोटारी जळायला लागल्या. ज्याची केळी वाळत आहे त्याला मिस्तरी बाई की बाप्या याच्याशी काही घेणंदेणं नसतं. तो एवढंच विचारतो, "मोटर संध्याकाय लोंग मियी का?"

आता मनाचं. सुरतेच्या डॉक्टरांना इंजेक्शन सुरू करण्याआधी मनाच्या डॉक्टरांचा कागद हवा होता. म्हणून मी नंदुरबारला सरकारी दवाखान्यात गेलो. आई न विचारता बरोबर आली. तिथे समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम होत्या, वयानं माझ्याएवढ्याच, कोल्हापूरकडून बदली होऊन आलेल्या. त्यांची मराठी शाळेच्या पुस्तकासारखी स्वच्छ. त्यांनी मला चाचणी दिली. बरीच विधानं होती आणि पुढे हो किंवा नाही लिहायचं होतं.

त्यात एक विधान असं होतं की माझ्यावर कोणीतरी लक्ष ठेवून आहे असं मला वाटतं. मी हो लिहिलं. पुढे होतं, माझ्या पाठीमागे लोक माझ्याबद्दल बोलतात. हो. मी घरातून निघालो की लोकांना ते आधीच माहीत असतं. हो. मॅडमनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोण लक्ष ठेवतं तुमच्यावर?" मी सांगायला सुरुवात केली. समोरची काकू, दूध गोळा करणारा, किराणावाला, पारावरचे सगळे, शिवाय देवळातले दोन म्हातारे, त्यांना दिसत नाही पण ते विचारून घेतात. आई बाजूनं म्हणाली, "आनि पिठनी गिरनीवाली." मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. त्यांनी त्या उत्तरांपुढे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. खेड्यात राहणाऱ्या माणसाला हे प्रश्न वेगळे विचारायला हवेत असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

त्याआधी मी मोबाइलवर वाचून गेलो होतो की अशा लोकांमध्ये चिंता जास्त, नैराश्य जास्त, चिडचिड, एकलकोंडेपणा, सगळंच जास्त. मी ते आईला वाचून दाखवलं होतं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हाई समदं तुन्हा बापमा बी शे. त्याले कोन दवाखानामा लई गयं?" मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "आई बरोबर बोलतात. सगळं काही त्या एका गोष्टीमुळे नसतं. काही तुमचं दुखणं आहे, काही लोकांनी दिलेलं आहे आणि काही नुसतं घरचं आहे."

मी मात्र तेव्हा ठरवून टाकलं होतं की सगळं त्या एका गोष्टीमुळेच आहे. माझी अशी पक्की समजूत होती की एकदा दाढी आली की मी शांत, उदार, हसतमुख गृहस्थ होईन. गिऱ्हाइकावर ओरडणार नाही. रुसणार नाही. दाढी आली. आंघोळ उजेडात व्हायला लागली, खांदे आपोआप मागे गेले, छातीत धडधडायचं ते थांबलं. पूर्वी विहिरीच्या काठाशी उभा राहून नको ते मनात यायचं, तेही गेलं. आता विहिरीशी गेलो तर फक्त पाण्यातली मोटर किती फुटांवर आहे ते डोक्यात येतं. हे मी गमतीनं सांगतो आहे, पण ते दिवस गमतीचे नव्हते आणि ते गेले याचा मला रोज आनंद होतो. राग मात्र होता तिथेच राहिला. हट्ट राहिला. मी तक्रार घेऊन मॅडमकडे गेलो की इंजेक्शन नीट लागू पडलेलं नाही, राग तसाच आहे. त्या म्हणाल्या, "तो राग तुमचा आहे. तो कुठे जाणार?"

आणखी एक गोष्ट राहिली होती आणि ती त्यांनी हेरली. बहिणीचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ती तुमच्यामुळे येत नाही, हे तिनं सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कळतं."

"विचारलंत?"

"नाही."

"दुसऱ्याच्या मनातलं तुम्ही परस्पर वाचून मोकळे होता. आजवर किती वेळा बरोबर निघालं?"

मी खरं तेच सांगितलं. बऱ्याच वेळा. लोकांच्या मनात वाईट आहे असं मला वाटलं आणि ते होतंच. पत्रिकेच्या वेळी होतं, शाळेत होतं, एसटीत होतं. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ही सवय तुम्हाला उगीच लागलेली नाही. ती तुम्हाला लोकांनी लावली. पण बहीण म्हणजे लोक नव्हे. तिला विचारा."

मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. मोबाइल हातात घ्यायचो, तिचा नंबर काढायचो आणि मग वाटायचं, ती सासरच्यांसमोर असेल, फोन उचलून हळूच बाहेर जाईल, माझं नाव घेणार नाही. हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसायचं. मग मी फोन ठेवायचो आणि कोणाची तरी मोटर उघडायचो. तिची हाक, तिचं ओरडणं, आखाजीच्या झोक्यावर तिचं भसाड्या आवाजात गाणं, सगळ्याची मला फार आठवण यायची. तिचं माहेर आपण तोडलं या विचारानं मला जेवण जात नव्हतं. वडील माझ्याशी बोलत नव्हते ते चाललं असतं. ती यायला हवी होती.

अशात तिसरी आखाजी आली. आदल्या दिवशी चुलतभावानं तिला आणायला जायचं असं ठरलेलं होतं. पण तो सकाळपासून निंबाखाली बसला होता आणि त्याला पानंच अशी पडत होती की उठणं शक्य नव्हतं. आई दोनदा जाऊन बोलावून आली. तिसऱ्यांदा ती मलाही घेऊन गेली. चुलतभाऊ मान वर न करता म्हणाला, "काकू, एक डाव. एकच डाव." आमच्याकडे एकच डाव म्हणजे संध्याकाळ.

शेजारच्या घोळक्यात वडील खेळत होते. त्यांनी पानं खाली ठेवली. उलटी नाही, सगळ्यांना दिसतील अशी सुलटी ठेवली, म्हणजे त्यांनी तो डाव सोडला. आमच्या गावात बापाच्या आजारपणातही कोणी असं करत नाही. ते म्हणाले, "तो ऱ्हाऊ दे. हाऊ जाई. बहीन त्यानी शे."

मी इकडेतिकडे बघितलं, हाऊ म्हणजे हा, तर हा कोण ते कळायला. वडील माझ्याकडेच बघत होते. "काय देखस? ऊन व्हई जाई. नींघ."

खरं म्हणजे मी नाचायला हवं होतं. पण मी काय केलं, तर सांगायला लागलो की एक मोटर द्यायची आहे, वार्निश सुकायचं आहे, बेअरिंग आणायला शहाद्याला जायचं आहे. आईनं माझ्या हातात आंब्यांची पिशवी आणि एक डांगर, म्हणजे खरबूज दिलं आणि मला गाडीकडे ढकललं. मला भीती वाटत होती. चुलतभाऊ रिकामा परत आला तर तो चुलतभाऊ परत आला. मी परत आलो तर मीच परत आलो. मग विचारायला आणखी काही शिल्लक राहणार नव्हतं.

तळोद्याच्या रस्त्याला उजव्या हाताला सातपुडा चालत असतो. उन्हात तो फिकट होतो, असून नसल्यासारखा. मी वाटेत दोनदा गाडी थांबवली. एकदा डांगर नीट बांधायला आणि एकदा डांगर नीट बांधलेलं आहे हे बघायला. आरशात दाढी बघितली. ठेवावी की काढावी असा विचार आला, तर काढायला काही साधन नव्हतं.

तिच्या दारात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि तिची सासू हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मला बघून तिनं काठी खाली केली नाही. माझी भाची आतून धावत आली, मला बघितलं आणि "मामा उना, मामा उना" करत परत आत पळाली. त्यावर मी विश्वास ठेवला नाही. लहान पोरं दूधवाल्यालाही मामा म्हणतात.

सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मुऱ्हाळ्याला देतात तसंच दिलं. मी दुसऱ्या खाटेवर बसलो. त्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी मनात तयारी केली. आता म्हणतील, कोण तू, तुझ्यासंगे कशी धाडू, गाव काय म्हणेल.

"आते उना का तू?" त्या म्हणाल्या.

मी आंब्यांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"दोन आखाजी गयात. बहीन शे का नही तुले?"

"शे ना. पन काम व्हतं. मोटरी..."

"मोटरी काय पयी जातस का?" त्यांचा आवाज चढला. "आठे मन्हं नाव खराब व्हई गयं. गावन्या बाया म्हनतस, म्हातारी व्हऊले माहेर धाडत नही. मी धाडत नही? मी म्हनस, जाय माय, जाय. जास का ती?"

मी म्हटलं, "पहिले साल पोर तपेल व्हती ना."

"कोन तपेल व्हती? तिले काय धाड भरेल व्हती! चांगली खेयी ऱ्हायंती." त्यांनी काठी खाटेवर आपटली, एक कुरडई मोडली. "मांगला साल तुन्हा चुलतभाऊ उना. मी सांगं, उना ना मुऱ्हाळी, नींघ. तं म्हने कशी, हाऊ मन्हा भाऊ नही. मन्हा भाऊ येई तवय मी जासू. त्याले परत धाडी दिधं. दोन्ही साल पिशवी भरीसन ओटावर बठनी. दिवस बुडना का पिशवी उकली ठेवस. आनि गाव कोनले नावं ठेवस? माले!"

मी ऐकत होतो. एखाद्या भावाला झापावं तसं त्या मला झापत होत्या, त्यात कुठेही हातचं राखलेलं नव्हतं. लग्नातलीही एक गोष्ट त्यांनी काढली. "लगनमा देखेल शे मी तुले. ज्या फोटोमा सापडना त्यामा तोंड सुजाडी बठेल. मी याहीनले, तुन्हा मायले, इचारं बी, हाई पोरले कोनी मारं का? आते जरा मानूससारखं दिसस." एवढं म्हणून त्या पुन्हा कावळ्यांकडे वळल्या. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

बहीण दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. थोडी जाड झाली होती आणि ओठ आवळून माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा ती अशीच बघायची.

मी म्हटलं, "एक फोन करती तं येतू ना मी."

"भाऊले बलावनं पडस का?" ती म्हणाली. "बलावावर उना, तं तो कसाना मुऱ्हाळी?" मग तिचा आवाज बारीक झाला. "माले वाटे, तू आते मोठा मिस्तरी व्हयना, दाढी उनी. तुले जुनं कोनी नको. माले देखं की तुले ते समदं याद येस, म्हनीसन तू येत नही."

म्हणजे तिकडे तिनं माझं मन वाचून ठेवलं होतं आणि इकडे मी तिचं. दोन वर्षं. दोघांनाही पक्की खात्री होती आणि दोघांनीही विचारलं नव्हतं. तिला तर कुठल्याही डॉक्टरांनी कुठलंही नाव दिलेलं नाही. मला हसू आलं आणि हसताना माझे डोळे भरले. मी सासूबाईंसमोर, कावळ्यांसमोर, आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन रडलो. पुरुषानं असं रडू नये म्हणतात. मी रडलो आणि मला फार बरं वाटलं.

"भलती वाट देखाडी मी तुले," मी म्हटलं, "आते चाल."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं, आता आवराआवर होईल, चहा होईल, तासभर तरी जाईल. ती लगेच बाहेर आली. पिशवी सकाळपासून भरलेलीच होती.